सागरी मार्गाने कोकण: वाट कशी ठरवलीत, मुक्काम कुठे टाकलात? (अनुभव धागा)

डिसेंबरात आईबाबांना घेऊन मुंबई ते वेंगुर्ला किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरवतोय. दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे बोलतात. हायवेने नाही जायचं, हे बाबांचंच म्हणणं, कारण त्यांनी आयुष्यभर वस्तीच्या एसटीने ते महाड-पोलादपूर केलंय आणि समुद्र म्हणे फक्त गावाला पोचल्यावर दिसायचा.

प्रेक्षणीय स्थळांची यादी नकोय, ती ढिगाने मिळते. तुम्ही अमुक गावातच का थांबलात आणि कुठे फसलात ते लिहा. सुरुवात माझ्यापासून करतो.

गेल्या वर्षी आम्ही दोघं नवराबायको निघालो होतो. मॅपवर बघून ठरवलं की पहिला मुक्काम दिवेआगर, दुसरा थेट गुहागर. अंतर काही फार नाही, म्हटलं आरामात. बागमांडल्याला फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो, मग वेळास बघू, केळशी बघू, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती बघू, हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघू असं करत करत दाभोळला पोचलो तर शेवटची बोट सुटून गेलेली. पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसतायत, अगदी हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं इतके जवळ, आणि गाडीने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत सव्वाशे किलोमीटरचा वळसा. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. शेवटी दाभोळातच एका घरी विचारून झोपलो, त्यांनी पिठलं-भात वाढला.

तर आता तुम्ही सांगा.

ठाण्याहून, दोन मुलं आणि एक लाल हॅचबॅक

तुमची चूक सगळे करतात. किनाऱ्याचा रस्ता किलोमीटरमध्ये मोजायचाच नाही, खाड्यांमध्ये मोजायचा. आम्ही दिवसाला एक बोट असा नियम केलाय, फार तर दोन. आगरदांडा-दिघी एका दिवशी, बागमांडला-वेश्वी दुसऱ्या, दाभोळ-धोपावे तिसऱ्या, तवसाळ-जयगड चौथ्या. जयगडच्या पुढे मोठ्या खाड्यांवर पूल आहेत, मग गाडी जरा पळते, पळते म्हणजे तासाला तीस-पस्तीस, त्याच्या वर आशा ठेवू नका. हायवेने मुंबई-गोवा साडेपाचशे-सहाशे किलोमीटर एका दिवसात मारणारे लोक याच हिशोबाने इकडे येतात आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलायचे बंद होतात.

आणि शक्य असेल तर मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडीसकट जा. पनवेल, पेण, वडखळ सगळं वाचतं आणि सहल घरातून निघाल्यावर तासाभरात सुरू होते. पोरं तर त्या बोटीवरच खूश, पुढे जंजिरा वगैरे त्यांना बोनस.

नाव नको, फक्त बुलेटवाला म्हणा

मी एकटा जातो आणि जुलैत जातो, त्यामुळे माझा सल्ला तुमच्या आईबाबांना लागू नाही. पण लिहितो. पावसात मुक्काम समुद्रावर टाकत नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर टाकतो. देवगड-विजयदुर्गच्या सड्यावर धुकं उतरलं की पुढचं चाक दिसत नाही आणि कातळावर मैलभर नुसतं हिरवं, एक झाड नाही. पाण्यातले किल्ले पावसाळ्यात बंद असतात, जंजिरा-सिंधुदुर्ग डोक्यातून काढा. यांत्रिक मासेमारी जून-जुलै बंद, त्यामुळे ताजी सुरमई वगैरे विसरा, सुकट-बोंबील आणि खाडीचं जे काय मिळेल ते खा. मला तेच आवडतं.

एकदा रात्री आडवाटेला शिरलो, मॅपमधली बाई ठामपणे सांगतेय सरळ जा. एक म्हातारा कंदील घेऊन समोरून आला, म्हणाला, "खय जातास? पुढे रस्तो नाय, पाणी आसा." बघतो तर खाडीच. जुनी तर होती तिथे, माणसं पलीकडे न्यायची होडी. मॅपला तरीपण रस्ता दिसत होता.

चिपळूणची माहेरवाशीण

मला एक वेगळंच लिहायचंय, कारण या विषयावर पुरुष मंडळी कधीच लिहीत नाहीत. मुक्काम आणि थांबे मी बाथरूम बघून ठरवते. हसू नका. सासूबाई, दोन जावा आणि मी अशा चौघी गेलो होतो, अहो आणि भावजी पुढच्या गाडीत, ते कुठेही झाडामागे जाऊन येतात. सागरी मार्गावर पेट्रोलपंपच मुळात लांब लांब, त्यातले कितीकांचे दरवाजे कुलूपबंद, किल्ली कुणाकडे तर "मालक जेवायला गेलेत". आम्ही मग शोध लावला की देवस्थानाचं भक्तनिवास असलेली गावं धरायची. हरिहरेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर. तिथे सोय असते, आणि सासूबाईंना दर्शन घडतं ते वेगळंच, त्यामुळे कुणाला कारण सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे दुपारचं जेवण फोन करून सांगून ठेवा. घरगुती खानावळीत जेवण माणसं मोजून करतात, दीड वाजता अचानक सहा जण दारात उभे राहिलात तर त्या बाईने काय करायचं? सकाळी नऊला फोन केला तर चारला उकडीचे मोदकसुद्धा मिळतात. नाही केला तर पोह्यांवर भागवा आणि वर "कोकणात सर्व्हिस नाही" म्हणून लिहा.

कोल्हापूरकर

आम्ही तुमच्यासारखं वरपासून खाली येत नाही, मधूनच घुसतो. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, गगनबावडा उतरला की वैभववाडी, फोंडा उतरला की कणकवली. त्यामुळे पूर्ण किनारा एका दमात ही भानगडच नाही, दर वर्षी एक तुकडा. पुणेकरांनाही हेच सांगेन, ताम्हिणीने माणगावात उतरून दिवेआगर-श्रीवर्धन करा आणि परत जा, पुढच्या वर्षी कुंभार्लीने चिपळूण-गुहागर. फक्त निघायच्या आधी घाट चालू आहे का ते पायथ्याच्या गावात कुणाला तरी विचारून घ्या, आमचा एकदा पूर्ण दिवस गेलाय.

रत्नागिरी ते मालवण हा तुकडा सगळ्यात भारी, यावर वाद नको. भाट्याचा पूल ओलांडला की पावस, पूर्णगड, मग कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूरचा पूल. गर्दी नाही, बोट पकडायची धावपळ नाही. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना निवळीवरून येऊ नका, आरे-वारेच्या रस्त्याने या, हे सगळेच सांगतात आणि खरं आहे.

एक फसलेला

कबुली देतो. मी तो माणूस आहे जो गाडी वाळूत घालतो. बीचचं नाव सांगत नाही, गावकरी वाचत असतील. ओल्या वाळूवर गाडी मस्त चालते म्हणून फोटो काढायला पाण्याजवळ नेली, उतरलो, दहा मिनिटं फोटो काढले, आणि परत येऊन बघतो तर मागची चाकं अर्धी आत. ॲक्सिलरेटर दिला तशी आणखी रुतली. भरती चढत होती. शेवटी ट्रॅक्टर आला, दोर तुटला, दुसरा दोर आला. ट्रॅक्टरवाल्याने पैसे किती घेतले ते बायकोला अजून माहीत नाही. तो म्हणाला, "सीझनला आठवड्यात एक तरी काढतो." त्या रात्रीचा मुक्काम अर्थातच त्याच गावात, ठरवलेला नव्हता. गाडीत खारं पाणी गेलं की पुढे वर्षभर काय काय खर्च निघतात ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

निवृत्त शिक्षक, गुहागर तालुका

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. तुम्ही मंडळी मोबाईलमध्ये हॉटेल बघता, हवामान बघता, पण पंचांग बघत नाही. किनाऱ्यावरचा प्रवास भरती-ओहोटी बघून आखायचा असतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, भरतीला त्या खडकांवर जाऊ नये, जीव गेलेत तिथे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीच हवी. याच्या उलट आमच्या हेदवीची बामणघळ. लोक ओहोटीला येतात, कोरडी चीर बघतात आणि "यात काय एवढं" म्हणून जातात. भरतीला त्या फटीत पाणी घुसून जे उंच उसळतं ते बघायला यायचं असतं. (लांबून बघावं, काठावर सेल्फी काढू नये.)

हिशोब सोपा आहे, आमच्या लहानपणी कोळ्यांच्या पोरांनाही तोंडपाठ असायचा. तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. त्याच्या आधी किंवा नंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं, अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा दोन्ही कमीच. म्हणून कुलाब्याला जायला तृतीया-चतुर्थीची सकाळ चांगली, आठ-नऊच्या सुमाराला पाणी बरंच मागे गेलेलं असतं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पाण्यात उतरायचं असेल तर तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये.

वाळूत गाडी घालणाऱ्या गृहस्थांनी हे वाचावं.

एक फसलेला

वाचलं सर. त्या दिवशी पौर्णिमा होती, आत्ता मोजलं.

दापोलीत वाढलेला, सध्या बंगळूर

आम्ही उलटं येतो, दक्षिणेकडून. गोकर्ण, कारवार, गोवा आणि मग केरीहून तेरेखोलच्या बोटीने नदी ओलांडून रेडी-शिरोडा. कारवारपर्यंतचा हायवे रुंद आहे, जेवण उत्तम, पण गाडीतून समुद्र त्या मानाने क्वचित दिसतो. रेडीत शिरलं की लाल रस्ते, चिऱ्यांचे गडगे आणि माणसं आपणहून विचारतात, खयसून इलास. तिथे माझा प्रवास संपतो, पुढचं सगळं घरी जाणं.

एकच सांगतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा तिथेच मुक्काम करा, येता-जाता डोकावून काही हाती लागत नाही. पिल्लं घरट्यातून रोज निघतीलच असं नसतं. आम्ही पहिल्या संध्याकाळी गेलो, घरट्यावरची टोपली उचलली, खाली नुसती वाळू. सकाळी सातला परत गेलो तर बारा पिल्लं. गावातल्याच घरी राहिलो होतो म्हणून ते दिसलं. शिमग्याला मात्र कोकणात खोली शोधायच्या फंदात पडू नका, सगळे चाकरमानी घरी आलेले असतात.

ठाण्याहून, लाल हॅचबॅक (पुन्हा)

एक राहिलं. रोख पैसे ठेवा. खाडीच्या उतारावर रेंज जाते, बोटीचं तिकीट काढताना मागे दहा गाड्या हॉर्न मारतायत आणि आपलं पेमेंट गोल गोल फिरतंय. आणि रिव्हर्सची सवय करा, आम्हाला दोनदा गाडी उलटी चढवायला लावली, खाली पाणी, मागे तो माणूस "येऊद्या येऊद्या येऊद्या" करतोय. आयुष्यातली सगळ्यात सरळ रिव्हर्स मी तिथे घेतली.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी माझा प्लॅन बाजूला ठेवून स्वतः कागद घेतला. आता असं ठरतंय: भाऊचा धक्का, मग मुरूड, हरिहरेश्वर (भक्तनिवास, आईचे गुडघे, प्रदक्षिणा रद्द), आंजर्ले दोन रात्री कारण बाबांना एक दिवस नुसतं बसायचंय, गुहागर, मग रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला. दिवसाला एकच बोट. गुहागर ते रत्नागिरी या दिवशी हेदवी वाटेत येतंय. आईने कालनिर्णय उतरवून बघितलं, त्या दिवशी षष्ठी आहे, म्हणजे सहा पाऊण साडेचार. साडेचारला बामणघळ बघून पाचच्या पुढे निघालो तर तवसाळहून जयगडला बोट नक्की मिळते ना? डिसेंबरात लवकर अंधारतं म्हणून विचारतोय. कुणी नुकतं जाऊन आलं असेल तर शेवटच्या बोटीची वेळ सांगा, मला पुन्हा पलीकडचे दिवे बघत उभं राहायचं नाहीये.