डबल फॉरवालं लिस्ट कॉम्प्रिहेन्शन साध्या लूपमध्ये कसं उलगडायचं?

राजारामपुरीकर: पायथॉनची ही लिस्ट कॉम्प्रिहेन्शनची (एकाच ओळीत फॉर लिहून लिस्ट बनवायची) ओळ साध्या लूपमध्ये लिहायचीय. तालुके म्हणजे लिस्टची लिस्ट, एकीत शिरोळची गावं, दुसरीत हातकणंगल्याची.
[गाव फॉर तालुका इन तालुके फॉर गाव इन तालुका इफ लेन(गाव) > 5]
यात बाहेरचा फॉर कुठला नि आतला कुठला हेच कळंना झालंय, कोणतरी सांगा की.

रंकाळा_कोडर: भावा, फॉर डावीकडनं ज्या क्रमानं आलेत त्याच क्रमानं वरून खाली उतरव, म्हणजे तालुक्याचा फॉर बाहेर, त्याच्या पोटात गावाचा, त्याच्या आत इफ, आणि सगळ्यात पुढं असलेलं "गाव" जातं सगळ्यात आत, अपेंडमध्ये (लिस्टच्या शेवटी भर घालतं ते). रिकामी लिस्ट मात्र दोन्ही लूपच्या वर, एकदाच. आणि एक बघ, "हुपरी" गाळली जाणार, कारण लेन (लांबी मोजणारं फंक्शन) काना-मात्रा नि जोडाक्षरातला हलंतसुद्धा वेगळा मोजतं, तिथं 5 येतात. खिद्रापूरचे 9, ते राहतंय.

राजारामपुरीकर: चाललं! पण कंसात कंस असला तर? [[लेन(गाव) फॉर गाव इन तालुका] फॉर तालुका इन तालुके]

शाहूपुरी_पायथॉन: तिथं शेवटचा फॉर बाहेरचा. आतला कंस ही दरवेळी नवी लिस्ट असते, म्हणून बाहेरच्या लूपमध्ये शिरल्या शिरल्या रिकामी लिस्ट कर, आतला लूप संपला की ती मोठ्या लिस्टमध्ये अपेंड कर. रिकाम्या लिस्टची ओळ चुकून बाहेरच्या लूपच्या वर गेली तर सगळ्या तालुक्यांचे आकडे एकाच लिस्टमध्ये जमतात, पोरं इथंच फसतात. आणि फॉरच्या आधी इफ-एल्स दिसला तर तो गाळणी नव्हे, एल्सची किंमतसुद्धा लिस्टमध्ये जातेच.