आईच्या गोळ्या

ताई: आईचं पोट साफ नाही, आज पाचवा दिवस. वर मळमळ. रात्री तीनला मी एकटीच जागी. ग्रुपवर निळ्या टिक्स सगळ्यांच्या दिसतात, उत्तर कुणाचंच नाही.

दादा: अगं, मीटिंगमध्ये होतो. गुडघ्याच्या गोळ्यांमुळे असेल. दोन दिवस बंद करून बघ.

ताई: बंद केल्या की ती कण्हते. ते ऐकायला तू इथे नसतोस.

धाकटी वहिनी: ताई, गोळ्या नक्की कोणत्या? आणि शेवटची शी झाली तिचा रंग कसा होता?

ताई: ट्रॅमाडॉल आणि डायक्लोफेनॅक, दोन्ही दुखणं कमी करायच्या.

धाकटी वहिनी: ट्रॅमाडॉलने आतडी सुस्तावतात. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ तसं जात नाही. रेचक पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्यायला हवं होतं.

ताई: म्हणजे चुकलं माझंच.

काका: भांडू नका गं. माझं पोट तर गोळीशिवायच संपावर असतं 😄

आत्या: अरे, ही वेळ आहे का चेष्टेची? मी तेव्हाच म्हटलं होतं, वहिनीला इंजेक्शन द्या, पोटाला त्रासच नको.

धाकटी वहिनी: आत्या, रागावू नका, पण डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शननेही अल्सर होतो. जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स ते रक्तातून जाऊन कमी करतं. ताई, रंग?

दादा: जेवणाआधी ती ॲसिडची गोळी, पँटोप्राझोल, देतेस ना?

ताई: देते. बिल तू भरलंस म्हणून हिशेब मागू नकोस.

दादा: बिलाचं नाव तरी काढलं का मी?

धाकटी वहिनी: पँटोप्राझोलने धोका कमी होतो, संपत नाही. त्यात आईंची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. म्हणून तिसऱ्यांदा विचारते. शी काळी, डांबरासारखी चिकट आहे का?

ताई: आत्ताच जाऊन आली. थांब, बघते.

ताई: काळीच आहे गं. वास पण वेगळाच.

धाकटी वहिनी: लोहाची गोळी चालू आहे? त्यानेही काळी होते.

ताई: नाही. आणि उठताना तिला चक्कर आली.

धाकटी वहिनी: मग आतून रक्त जात असेल. डायक्लोफेनॅक आता देऊच नका. रुग्णवाहिका बोलवा, थेट इमर्जन्सीत न्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, रक्त पातळ करणारीचं आधी दाखवा.

काका: मी वर येतोय. तिला एकटीला उभं करू नकोस.

दादा: अगं, फोन उचल.