'नुसतं हँग होतं' म्हणून जुन्या सिस्टीममधली त्रुटी चालवून घ्यायची का?

अनिकेत_पुणे: यंत्रणा बंद पाडणाऱ्या त्रुटींना आपल्याकडे कुणी मोजतच नाही. 'डेटा गेला नाही ना? मग रीस्टार्ट मारा.' मला हे अजिबात पटत नाही. १९९६ चा पिंग ऑफ डेथ हा हल्ला बघा. आयपी पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा गठ्ठा, जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटचं. पण ते तुकड्यांत पाठवता येतं, आणि शेवटचा तुकडा थेट ६५,५२८ पासून सुरू करता येतो. त्यात भरपूर डेटा कोंबला की बेरीज मर्यादेबाहेर जाते, तुकडे जोडताना बफर (त्यासाठी राखलेली मेमरी) ओसंडतो आणि मशीन आडवं. ना पासवर्ड लागत, ना लॉगिन.

बरं, एकदा बुजवलेलं भोक कायमचं बुजतं असंही नाही. १९९७ च्या लँड हल्ल्यात पाठवणारा आणि घेणारा, दोघांचा पत्ता नि पोर्ट (जोडणीचं दार) एकच असायचा. मशीन स्वतःलाच उत्तरं देत अडकायचं. तोच हल्ला २००५ मध्ये विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ आणि सर्व्हर २००३ वर पुन्हा चालला! सपोर्ट संपलेली सिस्टीम नेटवर्कवर नकोच, या मताचा मी आहे.

भोसरीकर: अनिकेत, २००५ चं अर्धंच सांगितलंत. तो हल्ला फायरवॉल (नको ती पॅकेटं अडवणारी भिंत) बंद असेल तरच लागू पडत होता. आमच्या शॉपमध्ये सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या लेथला) जोडलेला पीसी एक्सपीवर आहे. मशीन बनवणारी कंपनी नवीन सॉफ्टवेअर देत नाही, आणि ठणठणीत मशीन भंगारात काढायची माझी ऐपत नाही. तो पीसी वेगळ्या नेटवर्क स्विचवर ठेवलाय, इंटरनेट नाही, १३९ पोर्ट बंद. त्याच पोर्टवरून विंडोज पाडणाऱ्या जुन्या विननूक हल्ल्यासारखं काही येणार कुठून?

मेधा_नेटवर्क: पेनड्राइव्हने. किंवा सर्व्हिसला आलेल्या माणसाच्या लॅपटॉपमधून. आणि फायरवॉल म्हणजे तरी काय, सॉफ्टवेअरच. २०१६ चा ब्लॅकनर्स हल्ला आठवा: 'पोर्टपर्यंत पोहोचता येत नाही' असं सांगणारी साधी आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारी) पॅकेटं, जेमतेम १५ ते १८ एमबीपीएस, आणि काही नामांकित फायरवॉलचा सीपीयू तेवढ्यात दमत होता.

भोसरीकर: मेधाताई, लॅपटॉपचा मुद्दा मान्य. आजपासून बाहेरचा लॅपटॉप त्या स्विचला लागणार नाही. पण ब्लॅकनर्स माझ्या शॉपमध्ये कसा येईल? बाहेर जाणारी वायरच नाही. शिवाय सगळ्याच त्रुटी सारख्या तातडीच्या म्हटल्या, तर पॅच (दुरुस्ती) करणारा माणूस आधी कुठे धावेल? ज्यातून आत घुसता येतं, ती आधी. हा क्रम चुकीचा कसा?

अनिकेत_पुणे: क्रम ठरवताना बंद पडल्यावर काय थांबतं ते बघायला हवं. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा सिन फ्लड हल्ल्याने कोलमडली. एका पैची चोरी नाही. फक्त अर्धवट जोडण्यांनी रांग भरून टाकली, खऱ्या ग्राहकाला जागाच उरली नाही. त्याच महिन्यात डॅन बर्नस्टाइनने सिन कुकीजची, म्हणजे जोडणी पूर्ण होईपर्यंत रांगेत जागाच न अडवण्याची, कल्पना मांडली, ती आजही लिनक्समध्ये आहे. तुमचा पीसी हँग झाला तर एक जॉब बिघडेल. तसलाच जुना पीसी हॉस्पिटलच्या मॉनिटरला जोडलेला असेल तर?

भोसरीकर: तिथे बदलायलाच हवा, वाद नाही. पण तो नियम माझ्या लेथवर लादू नका.

मेधा_नेटवर्क: लेथपुरतं ठीक. मात्र त्याच स्विचवर बिलिंगचा पीसी तर नाही ना? बहुतेक शॉपमध्ये असतो.

भोसरीकर: आहे. प्रोग्राम त्यावरूनच पाठवतो.

मेधा_नेटवर्क: आणि त्या पीसीला इंटरनेट?

भोसरीकर: जीएसटी भरायला लागतंच की.