जिस्ट कार्डातील फर्मवेअर एम्युलेटरसोबत वाटायचे आहे. परवानगी कोणाची आणि कशी घ्यावी?

खानापूरचा वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयात १९९० च्या दशकात मराठी आणि कन्नड पुस्तकांची सूची संगणकावर चढवण्यात आली होती. साधा पीसी, त्यावर डॉस आणि नोंदी ठेवणारी डीबेस थ्री प्लस ही आज्ञावली, आणि आत सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे जिस्ट कार्ड अशी ती व्यवस्था होती. ज्यांनी हे कार्ड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणि कन्नड अक्षरे उमटवण्याचे काम हे कार्ड करत असे. इस्की संकेतप्रणालीत भारतीय लिप्यांमधील समान वर्णांना एकच कोड असल्यामुळे देवनागरीत भरलेले पुस्तकाचे नाव लिपी बदलताच कन्नडमध्येही वाचता येत असे. दोन्ही भाषांचे वाचक एकाच टेबलापाशी येतात अशा आमच्या भागात या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. कन्नड लिपीतच वाचणारा वाचक मराठी पुस्तकांची यादी स्वतः चाळत आहे, हे दृश्य तेव्हा आमच्याकडे नेहमीचे होते.

कार्ड अजून चालते, परंतु पीसी आता फार दिवस साथ देईल असे वाटत नाही. बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी कार्डावरील एप्रॉम (आज्ञावली साठवलेल्या चिप) काळजीपूर्वक वाचून घेतल्या आहेत, आणि एका मुक्तस्रोत पीसी एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीत) या कार्डाची भर घालण्याचे त्यांचे काम बरेच पुढे गेले आहे. ते पूर्ण झाल्यावर निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूच्या ज्या वाचनालयांकडे आणि पतसंस्थांकडे असा जुना मजकूर पडून आहे, त्यांना संपूर्ण संच विनामूल्य द्यावा अशी आमची इच्छा आहे. त्याच संचात एका शाळेकडून मिळालेल्या डीबी स्पेक्ट्रम प्लस या जुन्या संगणकाचा एम्युलेटरही ठेवावा असा विचार आहे.

अडचण फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये साठवलेल्या आज्ञावलीची आहे. एम्युलेटर विद्यार्थ्यांनी लिहिला, पण एप्रॉममधील मजकूर त्यांचा नाही. कार्ड आता बाजारात मिळत नाही, तेव्हा कोण विचारणार, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण वाचनालयाच्या नावाने वाटलेली वस्तू पूर्णपणे रीतसर असली पाहिजे. परवानगी लागते का, लागत असल्यास ती कोणाकडे मागावी, आणि पत्रात नेमके काय लिहावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीकर

आपली शंका योग्य आहे. परवानगी लागते. वस्तू विकणे बंद झाल्याने तिच्यावरील कॉपीराइट संपत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीच्या व्याख्येत केलेला आहे आणि ही आज्ञावली डिस्कवर आहे की चिपमध्ये, याने फरक पडत नाही. अमेरिकेत हा वाद १९८३ मध्ये ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात निकाली निघाला. फ्रँकलिन कंपनीने ॲपल टू या संगणकाच्या रॉममधील (केवळ वाचता येणाऱ्या चिपमधील) आज्ञावली उचलली होती, आणि रॉममधील आज्ञावलीलाही कॉपीराइटचे संरक्षण आहे असे अपील न्यायालयाने ठरवले.

आता मुदतीचे पाहू. व्यक्तीने लिहिलेल्या कृतीला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. कृती शासनाची किंवा शासकीय नियंत्रणाखालील संस्थेची असल्यास कलम २८ किंवा २८ए प्रमाणे ६० वर्षे मोजली जातात, आणि ती प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून. कार्डाची आपल्याकडील आवृत्ती समजा १९९० ची असेल, तर संरक्षण २०५० च्या अखेरीपर्यंत राहील. आपला पीसी, आपल्या फ्लॉप्या आणि बहुधा आपण स्वतःही तोवर थांबू शकणार नाही, त्यामुळे मुदत संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आतापर्यंत आपण जे केले आहे ते मात्र बरेचसे सुरक्षित दिसते. कलम ५२(१)(एए) नुसार आज्ञावलीची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याला ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून संरक्षणासाठी प्रत करता येते. पुढच्या एबी आणि एसी या पोटकलमांमध्ये दुसऱ्या आज्ञावलीशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याची, तसेच आज्ञावलीचे कार्य पाहून अभ्यासण्याची मुभा आहे. म्हणजे विद्यार्थ्यांनी एप्रॉम वाचणे आणि त्यावरून एम्युलेटर लिहिणे याला आधार आहे. पण यातील एकही तरतूद ती प्रत निपाणीच्या किंवा चिकोडीच्या दुसऱ्या संस्थेला देण्याची परवानगी देत नाही. वाचनालयांसाठी कलम ५२(१)(एन) आहे खरे, परंतु ते जतनासाठी डिजिटल साठवण करण्यापुरते आहे आणि वाचनालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असावी अशी त्यात अट आहे. रॉम मुळातच डिजिटल असल्यामुळे त्या कलमावर भिस्त ठेवू नये.

परवानगीच्या पत्राबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कलम ३० नुसार परवाना लेखी लागतो, आणि कलम ३०ए मुळे हस्तांतरणाविषयीच्या कलम १९ मधील नियम परवान्यालाही लागू होतात. त्या नियमांप्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर परवाना भारतापुरता आहे असे धरले जाते. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र घेऊन आपण आनंदाने परत आलात, तर पाच वर्षांनी तुमच्या हातात काहीच उरणार नाही. म्हणून पत्राचा मसुदा आपणच तयार करून न्यावा, आणि त्यात साधारण असा परिच्छेद असावा:

‘सोबतच्या यादीत नमूद केलेल्या रॉममधील मजकुराच्या, त्यात कोणताही बदल न करता व स्वामित्वहक्काची सूचना जशीच्या तशी ठेवून, प्रती करण्यास, त्या कोणत्याही एम्युलेटरसोबत विनामूल्य वितरित करण्यास आणि वापरण्यास कोणत्याही व्यक्तीस अथवा संस्थेस याद्वारे परवानगी देण्यात येत आहे. ही परवानगी अनन्य नसून जगभरासाठी आहे आणि स्वामित्वहक्काच्या संपूर्ण मुदतीपर्यंत लागू राहील. सदर मजकुराचा स्वामित्वहक्क आमच्याकडेच राहील.’

यादीत प्रत्येक चिपवरील स्टिकरचा मजकूर, आवृत्तीचा क्रमांक, फाइलचा आकार आणि तिचा चेकसम (फाइलची ओळख पटवणारा आकडा) द्यावा, म्हणजे परवानगी कशाला दिली आहे याविषयी पुढे संदिग्धता राहणार नाही. कार्डावर सी-डॅकऐवजी दुसऱ्या उत्पादकाचे नाव छापलेले असेल, तर फर्मवेअरचा हक्क कोणाकडे आहे हा प्रश्न आधी विचारावा आणि परवानगी त्यानंतर मागावी.

निपाणीकर

टिळकवाडीकरांनी कायदा सांगितला आहे; मी या क्षेत्रात आधी घडलेल्या गोष्टी सांगतो, कारण पत्र लिहिताना त्यांचा दाखला देता येतो.

आपल्या संचातील स्पेक्ट्रमचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. मूळ स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने विकत घेतला, आणि १९९९ मध्ये त्या कंपनीच्या क्लिफ लॉसन यांनी जाहीरपणे कळवले, की एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी कंपनीच्या रॉम सोबत देण्यास हरकत नाही, मात्र त्यांतील कॉपीराइटचा मजकूर बदलू नये. परवानगी मिळाल्याचा आणि हक्क कंपनीकडेच असल्याचा उल्लेख सोबत असावा, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली. आज स्पेक्ट्रमचे जे एम्युलेटर उतरवून घेताच चालू होतात, त्यांच्या मागे हे छोटेसे निवेदन आहे. तरीही डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीने या रॉम आपल्या मुख्य संग्रहात न ठेवता ‘नॉन-फ्री’ विभागात ठेवल्या, कारण त्यांत बदल करण्याची मुभा मिळालेली नाही. आपल्याला बदल करायचा नसल्यामुळे ही मर्यादा अडचणीची ठरू नये. डेसिबेल्स कंपनीने भारतात परवान्याखाली बनवलेल्या डीबी स्पेक्ट्रममधील रॉम ॲमस्ट्रॅडच्या रॉमशी तंतोतंत जुळते का, हे मात्र तपासून पाहावे. जुळत नसल्यास आपण वाचलेली प्रत बाजूला ठेवून परवानगी असलेलीच प्रत संचात घालावी.

दुसरा दाखला सीपी/एम या जुन्या कार्यप्रणालीचा आहे, आणि आपल्याला तो अधिक उपयोगी पडेल. ती बनवणाऱ्या डिजिटल रिसर्चची मालमत्ता नॉव्हेल, कॅल्डेरा, लिनिओ अशी हातोहात फिरली. २००१ मध्ये लिनिओच्या वतीने ब्रायन स्पार्क्स यांनी सीपी/एम वितरित करण्याची परवानगी दिली, पण ती एका विशिष्ट संकेतस्थळाला उद्देशून लिहिलेली होती. ती इतरांनाही लागू होते की नाही, याविषयी पुढे वीस वर्षे लोक साशंक राहिले. अखेर २०२२ मध्ये स्पार्क्स यांनीच ती सर्वांसाठी असल्याचे स्पष्ट केले. देणाऱ्याच्या मनात उदारपणा होता, पण मागणाऱ्याने ‘मला’ असे मागितले की देणाराही ‘तुला’ असेच देतो. म्हणून टिळकवाडीकरांच्या मसुद्यातील ‘कोणत्याही व्यक्तीस अथवा संस्थेस’ हे शब्द कोणी खोडायला सांगितले, तरी विनंती करून ते ठेवून घ्यावेत. परवानगी केवळ खानापूरच्या वाचनालयाला मिळाली, तर चिकोडीच्या संस्थेला हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागेल.

तिसरी गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती आड येणार आहे. जिस्ट कार्ड चालवायचे म्हणजे आधी पीसी चालला पाहिजे, आणि त्यालाही बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली लागते. आयबीएमने आपल्या मूळ पीसीच्या बायोसची संपूर्ण आज्ञावली तांत्रिक पुस्तिकेत छापली होती, त्यावरून तो सर्वांना खुला आहे असा समज अनेकांचा होतो. छापून वाचायला देणे म्हणजे वाटायला देणे नव्हे, आणि म्हणूनच कॉम्पॅक व फिनिक्स या कंपन्यांना तो मजकूर न उचलता आपापला बायोस नव्याने लिहावा लागला. सुदैवाने आज एक्सटी वर्गाच्या जुन्या पीसीसाठी जीपीएल या मुक्त परवान्याखाली ग्लाबायोस उपलब्ध आहे, आणि नव्या यंत्रांच्या नकलेसाठी सीबायोस आहे. जिस्ट कार्ड ग्लाबायोससोबत नीट चालते असे चाचणीत दिसले, तर पीसीच्या बायोससाठी कोणाच्याही दारात जावे लागणार नाही.

चिकोडीची ग्रंथपाल

मूळ प्रश्नाला थोडे सोडून आहे, पण सांगणे आवश्यक वाटते. केवळ पुस्तकांची यादी वाचवायची असेल तर फर्मवेअरची गरजच नाही. डीबेसच्या फाइलमध्ये अक्षरांचे कोड असतात, चित्रे नसतात. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच केलेली असल्यामुळे रूपांतर फारसे अवघड जात नाही. फक्त एक तपासा: डॉसवर चौकटीच्या रेषांची चिन्हे जागेवर राहावीत म्हणून पीसी-इस्की नावाचा वेगळा तक्ता वापरला जात असे. चुकीचा तक्ता लावला तर काही शब्द ठीक आणि काही पूर्ण विस्कटलेले दिसतात, आणि मग मूळ नोंदच बिघडली आहे असे वाटू लागते. परवानगीला कितीही वेळ लागला तरी हे काम उद्यापासून करता येईल. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरते, तेव्हा त्यांच्या प्रती आधी काढून घ्याव्यात. एप्रॉमच्या काचेवरील स्टिकर निघाले असतील तर त्या काचाही झाकून टाकाव्यात, कारण सूर्यप्रकाशाने आतील मजकूर हळूहळू पुसला जातो.

खानापूरचा वाचक

तिघांचेही मनापासून आभार. यादीचे रूपांतर आम्ही लगेच सुरू करत आहोत. तरीही एम्युलेटरचा आग्रह सोडवत नाही, कारण एकच नाव दोन लिप्यांत दाखवणारा तो पडदा या सीमाभागातील वाचनालयाच्या इतिहासाचा भाग आहे आणि तो नुसत्या यादीतून दिसणार नाही. दोन शंका उरल्या आहेत. पत्राला उत्तरच आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा का? आणि तोपर्यंत एम्युलेटर प्रसिद्ध करावा की थांबावे?

टिळकवाडीकर

एम्युलेटर जरूर प्रसिद्ध करावा, मात्र फर्मवेअरशिवाय. ज्याच्याकडे स्वतःचे कार्ड आहे त्याला आपली रॉम फाइल निवडता येईल अशी सोय ठेवावी. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल लागला, त्यामागे कनेक्टिक्सच्या अंतिम उत्पादनात सोनीच्या बायोसचा मजकूर नव्हता हे महत्त्वाचे कारण होते. विद्यार्थ्यांनी आपल्या आज्ञावलीत रॉममधील अक्षरांच्या आकृत्या किंवा तक्ते उचलून घातलेले नाहीत ना, हे प्रसिद्धीपूर्वी एकदा बारकाईने पाहून घ्यावे.

माहिती अधिकाराच्या अर्जाने माहिती मिळते, परवानगी नव्हे. हक्क कोणाकडे आहे, उत्पादकांशी झालेल्या करारात फर्मवेअरविषयी काय ठरले होते, आपले पत्र कोणत्या विभागाकडे आहे, एवढे त्यातून विचारता येईल आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. रॉमची प्रत मात्र त्या अर्जातून मागू नये. हक्क खासगी व्यक्तीचा किंवा कंपनीचा निघाला, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ९ खाली तो अर्ज नाकारला जाऊ शकतो. हक्कधारकाचा शोधच लागला नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ए प्रमाणे सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो. तो मार्ग खर्चाचा आहे, आणि सी-डॅक आजही कार्यरत असल्यामुळे त्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.

पत्र आपल्या वैयक्तिक नावाने पाठवू नये. कार्ड वाचनालयाच्या मालकीचे आहे, त्यामुळे कलम ५२ मधील ‘कायदेशीर ताबा’ही वाचनालयाचाच आहे. कार्यकारी समितीच्या बैठकीत ठराव करून घ्यावा, त्याची प्रत आणि कार्ड खरेदीची जुनी पावती सापडल्यास तीही जोडावी, आणि पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे.