गुग्गुळाचं रोप गेलं का?

जळगावकर: हौसेनं गुग्गुळ आणला, कुंडीत शेतातली काळी माती भरली, रोज पाणी घातलं अन् आता सगळी पानं गळाली. मेला का हो?

तापीकाठ: भाऊ, नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असलं तर जिवंत आहे. कोरड्या रानातलं झुडूप ते, बरेच महिने बिनपानांचंच राहतं. पण काळी माती पाणी धरते, मुळं सडतात, मुरूम-वाळू मिसळा अन् माती सुकल्यावरच पाणी द्या.

भरीतवाला: माझा मेच्या उन्हात गच्चीवर मजेत असतो, आपलेच हाल 😄 पावसाळ्याआधी फांदी लावलेली, लागली. फक्त डिंकासाठी चिरा मारू नका, अशानंच जंगलातला संपत आलाय, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे.

जळगावकर: खरवडलं, हिरवं आहे! उद्याच मुरूम आणतो.