धावून थांबल्यावर घाम आटतो, पण अंग तापलेलेच राहते: असे का?

प्रश्न (भाट्येकर, रत्नागिरी)

आमच्या वाडीतील आठ-दहा मुले-मुली पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर येतात. चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असले, तरी दम वाढावा म्हणून आम्ही त्यांच्याकडून पाऊण तास सराव करून घेतो. पळणे संपवून सगळी सूचना ऐकायला उभी राहिली, की पाच-दहा मिनिटांत घाम बराच कमी होतो. तरीही अंगात भट्टी पेटल्यासारखे वाटते, असे मुले सांगतात आणि एखाद्याला भोवळही येते. त्यालाच सुरूच्या सावलीत आडवे केले, की पुन्हा घाम फुटतो आणि मग त्याला बरे वाटते. अंग तापलेले असताना घाम कमी का व्हावा, आणि नुसते आडवे झाल्याने तो परत का यावा?

उत्तर (शरीरक्रियाविज्ञानाची शिक्षिका, चिपळूण)

आपले निरीक्षण अचूक आहे. आधी उष्णतेचा हिशेब पाहू. साठ किलो वजनाचा मुलगा आठ किलोमीटर धावला, तर सुमारे ४८० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक उष्णतेच्या रूपात शरीरातच निर्माण होतात. एवढ्या वजनाचे शरीर एक अंशाने तापायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तापमान सात अंशांनी वाढेल! ते तसे वाढत नाही, कारण रक्त आतली उष्णता त्वचेपर्यंत आणते आणि घाम वाळताना ती घेऊन जातो.

धावताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक पायांतील रक्त वर ढकलत असतात. आपण थांबून उभे राहिलो, की हा पंप बंद पडतो. स्नायूंमधील रक्तवाहिन्या मात्र बराच वेळ रुंदावलेल्याच राहतात. त्यामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे साचते, हृदयाकडे कमी रक्त परतते आणि रक्तदाब उतरतो. मानेतील आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांतील दाबसंवेदकांना हे तत्काळ कळते. रक्तदाब सांभाळायचा की अंग थंड करायचे, असा पेच पडला की मेंदू रक्तदाबाला प्राधान्य देतो, म्हणून त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो आणि घाम सुटण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक तापमान लागते. शिवाय हालचाल थांबल्याने स्नायूंकडून मेंदूला मिळणारी घामाची चालनाही संपते. परिणामी शरीराच्या आतले तापमान तासभर किंवा अधिक काळ सुमारे अर्धा अंश चढलेले राहू शकते.

आडवे झाल्यावर पायांतील रक्त हृदयाकडे परतते, संवेदकांवरचा दाब वाढतो आणि त्वचेवरचा निर्बंध उठतो. डोके खाली व पाय वर अशा सुमारे १५ अंश कललेल्या स्थितीत माणसांना ठेवून केलेल्या प्रयोगांतही उभ्या स्थितीपेक्षा घाम आणि त्वचेचा रक्तपुरवठा जास्त आढळला, आणि आतले तापमानही लवकर उतरले.

उत्तर (रापणकर, मालवण)

ताईंचे विवेचन पटले, तरी एक शंका मांडतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे, ओढून झाल्यावर आमच्याकडे कोणी आडवे होत नाही. जुनी माणसे ते करू देत नसत. दोर गुंडाळणे, जाळे आवरणे, मासळी वेचणे असे हलके काम चालूच राहते, आणि आजवर मी ज्यांना भोवळ आलेली पाहिली ते सगळे ओढणे संपताच एका जागी उभे राहिलेले होते. मग आडवे व्हावे हे खरे, की चालत राहावे हे खरे?

उत्तर (शिक्षिका, चिपळूण)

दादा, दोन्ही खरे आहे, कारण दोन्हींतून एकच गोष्ट साधते: पायांतील रक्त वर येते. हळू चालताना पोटऱ्यांचा पंप चालू राहतो, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांची शिस्त योग्यच होती. सर्वांत वाईट म्हणजे ताठ उभे राहणे, आणि भाट्याच्या मुलांकडून नेमके तेच करून घेतले जात आहे. आधी दहा मिनिटे सावकाश चालावे, मग सावलीत आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. ज्याला भोवळ येते आहे त्याने मात्र न चालता लगेच आडवे व्हावे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. दमट हवेत वाळण्याऐवजी जो खाली ठिबकतो, तो जवळपास काहीच नेत नाही. पहाटे हवा गार वाटते, पण तेव्हाही ती दमट असते आणि खारे वारे अजून सुरू झालेले नसतात. म्हणून झोपवताना जिथे थोडी झुळूक लागेल अशी जागा निवडावी, आणि ओला सदरा काढून ठेवावा. तापलेल्या वाळूवर किंवा उन्हात तर कधीच झोपवू नये.

उत्तर (परिचारिका, दापोली)

वरील सर्व साध्या भोवळीसाठी ठीक आहे. मात्र मुलगा असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊन चालू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा, मग त्याला भरपूर घाम येत असला तरीही. व्यायामाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो, त्यामुळे घामावरून निदान करू नये. अशा वेळी १०८ वर फोन करून, वाहन येईपर्यंत त्याच्या अंगावर सतत पाणी ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

प्रश्नकर्ता (भाट्येकर, रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. उद्यापासून सूचना पळण्याआधी देणार आहे. पळून झाल्यावर सुरूच्या बनापर्यंत चालत जायचे आणि तिथे खोडाला पाय टेकवून पडायचे, असे मुलांना सांगितले आहे. पाण्याचे दोन कॅन आता रस्त्याऐवजी बनातच ठेवू.