मदत हवी आहे: टाकीतल्या डासांच्या अळ्या

राजेहो, एक सल्ला पाहिजे. भाचा इथिओपियात दिरेदावाला नोकरीवर आहे. तिथे 2022 मध्ये मलेरियाची मोठी साथ आली होती आणि ती पसरवणारा डास म्हणे आपल्याकडचाच, ॲनोफिलीस स्टिफेन्सी! आफ्रिकेत तो पहिल्यांदा 2012 मध्ये जिबूतीत सापडला, 2016 मध्ये इथिओपियात. तिकडचे जुने मलेरियाचे डास डबक्यात-शेतात वाढतात, हा मात्र शहरी, टाकी-ड्रममधल्या स्वच्छ पाण्यावर खूष. भाचा विचारतो, "मामा, तुम्ही लोक काय करता?" काय सांगू, काल माझ्याच गच्चीवरच्या टाकीत अळ्या दिसल्या! पाण्याला समांतर, आडव्या पडलेल्या. कूलरच्या टबातल्या मात्र डोकं खाली करून लटकलेल्या. म्हणजे टाकीत मलेरियावाले आणि कूलरमध्ये बहुतेक डेंग्यूवाले, दोन्ही पाहुणे घरातच.

कूलर तर रिकामा करून घासला. डेंग्यूवाल्याची अंडी कोरड्या टबाला महिनोन्‌महिने चिकटून राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. प्रश्न टाकीचा आहे. झाकण तडकलंय आणि पाणी स्वयंपाकालाही जातं. त्यात गप्पी मासे सोडलेले चालतील का? नागपुरात मिळतात कुठे? ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी कोणती बसवली तुम्ही? अनुभव असेल त्यांनीच सांगा बाप्पा, कापराचे उपाय करून झालेत.